साखळीतली हातगाडी

गेल्या हिवाळ्यात, रमजानच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी, हसनमामू आणि रुकय्यामामी यांच्यावर अन्याय झाला. जी गाडी त्यांनी नेलीच नाही, ती नेल्याबद्दल त्यांना हाकललं. हे आधीच लिहून ठेवते. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही भुताखेतांत रमाल आणि अन्याय विसराल.

आता माझ्याबद्दल. मी महाडची. कॉलेजात बुवाबाजीविरुद्धची पत्रकं मी स्वतः लिहिली, एसटी स्टँडवर वाटली, शिव्याही खाल्ल्या. तावीज, उतारा, अंगात येणं... सगळ्याची टर उडवून झाली आहे. सध्या मदिनेत एका हॉटेलच्या रिझर्वेशनला आहे. तेव्हा ‘हिला भास झाला असेल’ असं म्हणण्याआधी जरा थांबा.

जागा मदिनेच्या हद्दीबाहेर, गाडीने दीडेक तासावर. जुन्या काफिल्यांची वाट. काळे दगड, मधे वाळू, कुठेकुठे बाभळी. हिवाळ्यात तिथे ट्रेक असतो. इथल्या कंपन्यांमधली कुटुंबं येतात, शाळा येतात. मोबाईल जमा करायचे आणि उंटांऐवजी लाकडी हातगाड्यांवर पाणी-सामान घालून पाळीपाळीने ओढायचं. जुन्या लोकांनी काय सोसलं ते पायांना कळावं म्हणून. सुट्टीच्या दिवशी मीही तिथल्या स्वयंपाकाच्या तंबूत मदतीला जायचे.

मामू-मामी रत्नागिरीकडचे. मामूंची उमर रियाधला अल सुलै भागातल्या गोदामांचे ट्रेलर चालवण्यात गेली. रिटायर झाल्यावर गावी झोपाळ्यावर बसायचं सोडून दोघं दर हिवाळ्यात जेद्दाला मुलाकडे यायची आणि इथे तंबूत राहून खिदमत करायची. फुकट. असली माणसं मी चळवळीतही फार पाहिली नाहीत — आणि चळवळीत मी बरीच माणसं पाहिली आहेत.

त्यांचा एक रिवाज होता... मागची गाडी. सगळे पुढे गेले की शेवटी एक गाडी निघायची, नुसत्या पाण्याची. मागे पडलेल्यासाठी. मामू ओढणार, मामी ढकलणार, आणि वाटभर भांडण.

“हळू ओढा, शर्यत हाय काय?”

“तू ढकलतंस का लटकतंस, ता आधी सांग!”

गाडीच्या आसाला मामी गावचं खोबरेल घालायची आणि दांडीला आपल्या जुन्या हिरव्या ओढणीची पट्टी बांधायची. मामूंचे आजोबा म्हणे बोटीने हजला आले होते, याच बाजूला काफिल्याच्या मागे पडले, आणि कोणीतरी मागून येऊन पाणी पाजलं. कोण, ते कधीच कळलं नाही. म्हणून ही गाडी. मी ऐकायचे आणि हसायचे.

त्या शुक्रवारी बडे पाहुणे यायचे होते. ट्रेकच्या सुपरवायझरला सगळं लवकर उरकायचं होतं. त्याने मागची गाडी शेडच्या खांबाला साखळीने बांधली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. “मामू, आज ये गाड़ी नहीं जाएगी. यल्ला, किचन में जाओ.”

“और कोई पीछे रह गया तो?”

“कोई नहीं रहेगा. खलास.”

दुपारी वारा सुटला. तंबूबाहेरचं काही दिसेना, इतकी धूळ. आत आम्ही तिघं कांदा चिरत होतो. मामीची सुरी थांबली.

“काय झालं, मामी?”

“थांब बाय. कोण तरी मागं ऱ्हायलाय.”

तिने डोळे मिटले. मामू तिच्याशेजारी येऊन बसले. ही दोन माणसं गप्प बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मामूंचा श्वास जड झाला, चढावर ओझं ओढताना होतो तसा. कपाळावर घाम, थंडीत! मला वाटलं, बीपी. मी पाण्याचा ग्लास पुढे केला.

“नको. ता पानी तिचा हाय,” मामू म्हणाले.

मी त्यांचा हात धरला होता. ऐका — हात धरला होता. दोघं जागची हलली नाहीत. मग मामीने डोळे उघडले, सुरी उचलली. “चल, कांदा ऱ्हायला.”

वारा पडल्यावर ग्रुप परतला तो एक बाई कमी घेऊन. वैशालीताई, मूळच्या नाशिकच्या, नवरा रास अल खैरला इंजिनिअर. त्या सकाळी रस्त्यावरूनच ग्रुपला मिळालेल्या, आमच्या तंबूकडे फिरकलेल्याच नाहीत. जीप गेली. ताई एका बाभळीखाली बसलेल्या सापडल्या. घोटा मुरगळलेला, आणि घोट्यावर हिरवी पट्टी घट्ट बांधलेली.

जीपमधून उतरल्या आणि मामीला पाहून रडायलाच लागल्या. “ह्याच त्या! ह्यांनी पाणी पाजलं. ‘बस गो बाय, सगली येतत’ म्हणाल्या. आणि हे काका गाडी धरून उभे होते. खोबरेलाचा वास येत होता हो...”

सुपरवायझर शेडकडे धावला. मीही. कुलूप जसंच्या तसं. त्याने स्वतः, स्वतःच्या खिशातल्या किल्लीने उघडलं. दांडीची पट्टी गायब. आसाच्या तेलावर ताजी वाळू चिकटलेली. सकाळी मामीने आस पुसून तेल घातलं तेव्हा मी तिथेच होते.

तो पांढरा पडला. आणि मग काय म्हणाला माहितीये? “डुप्लिकेट चाबी बनवाई है इन्होंने.”

“मैं गवाह हूँ! दोनों मेरे सामने बैठे थे!”

“तुम भी तो कोंकणवाली हो.”

म्हणजे मी, जिने आयुष्यभर असल्या गोष्टी खोट्या पाडल्या, मी तिथे ओरडून अशक्य गोष्टीची साक्ष देत होते, आणि ती कोणाला नको होती! संध्याकाळच्या आत मामू-मामींचं सामान बाहेर. परत पाय ठेवायचा नाही.

“मामू, बोला ना काहीतरी!”

“काय बोलू? बाय घरी चाललीय ना?”

“पण झालं काय ते तरी सांगा...”

“दमलाव गो,” मामी म्हणाली. “उद्या विचार.” दुसऱ्या दिवशी दोघं जेद्दाला गेली. नंतर फोनवर विचारलं तर मामीने उलट माझ्या लग्नाचं विचारलं.

मी सगळं तपासलं. तहानेचा भ्रम? मग पट्टी कुठून आली? दुसरी किल्ली? पण मामूंचा हात तर माझ्या हातात होता. माझ्याकडे उत्तर नाही. असतं तर पत्रक काढलं असतं.

पण अन्यायाला उत्तर आहे. ट्रेक पुन्हा सुरू झालाय, आणि मागची गाडी अजून साखळीत आहे. तुमच्यापैकी जे कोणी तिथे जाल त्यांनी आधी विचारा — मागची गाडी कुठे आहे? ती ओढायला हसनमामू आणि ढकलायला रुकय्यामामी कुठे आहेत? ती दोघं तुमच्या मागे येऊन उभी राहत नाहीत तोवर एक पाऊल पुढे टाकू नका.