नानांची लाल गाडी आणि आमचा धक्का

सुरतजवळच्या उधन्यातली आमची खान्देशी मंडळी चहाला बसली की विषय कुठूनही निघो, वळतो नानांच्या गाडीवरच. बंद पडणाऱ्या गाडीचे किस्से आपोआप साठतात. चालणाऱ्या गाडीबद्दल कोण काय सांगणार?

नाना म्हणजे लूमवरून रिटायर झालेले आमचे शेजारी. जन्माची एकच हौस, स्पोर्ट्स कार! इच्छापोरच्या एका शेडमध्ये धूळ खात पडलेली दोन सीटची जुनी लाल गाडी त्यांनी टोचन करून घरी आणली. त्याच दिवशी मुलीला, उज्ज्वलाला शब्द दिला: तुझी पाठवणी याच गाडीतून, तीही धक्का न मारता.

* * *

धक्क्याची टोळी आमची ठरलेली. नानांनी चावी हातात घेतली की कुणी न सांगता आम्ही मागे जाऊन डिकीला हात लावायचो. मी हजीऱ्याच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. पण घरी कुणी माझी चौकशी केली की बायको सांगायची, "ते ना, धक्का मारायला गेलेत."

* * *

एकदा सुरू झालेली गाडी नाना बंद करायला तयार नसत. पेट्रोल पंपावर पोऱ्या नव्हे, खुद्द मॅनेजर म्हणाला, आधी इंजिन बंद करा. नानांनी गाडी तशीच पुढे काढली. अर्ध्या वाटेत पेट्रोल संपलं. मग काय, धक्का!

* * *

बॅटरी नवी टाकली, स्टार्टर बदलला, वायरिंग मी स्वतः पुन्हा ओढलं. तरी दर रविवारी नाना सेल्फ मारायचे आणि नुसतं "टक्" व्हायचं. लग्न जवळ आलं तसा नानांचा चेहरा उतरत गेला.

लग्नाआधीच्या शनिवारी नानांच्या बायकोने, काकूंनी, मला हाक मारली, "भाऊ, तो दहाना पाना दे बरं. लिंबू बदलनं शे."

लिंबू बदलायला पाना?

गाडीचं नाक इतकं खाली, की पुढे बांधलेलं लिंबू-मिरची रस्त्याला घासायचं. म्हणून काकू दर शनिवारी बॅटरीच्या वायरचा क्लॅम्प सैल करून त्यात दोरा अडकवायच्या. दृष्ट लागू नये म्हणून! मग क्लॅम्प ढिलाच राहायचा आणि सेल्फला करंट पोचत नसे. लिंबू मलाही दिसायचं. पण लिंबावर संशय कोण घेणार? आम्ही ते मागच्या बंपरला बांधलं आणि क्लॅम्प मी जीव खाऊन आवळला.

* * *

पाठवणीचा दिवस. गाडीची कीर्ती कामरेजच्या वऱ्हाडापर्यंत पोचलेली, त्यामुळे जावयाचे मित्र मोबाईल उगारून तयार. जावई शेजारी, स्टिअरिंगवर उज्ज्वला. काकूंनी डोळ्याला पदर लावला.

उज्ज्वलाने चावी हातात घेतली.

आणि आम्ही सगळे, नानांसकट, सवयीने मागे गेलो, डिकीला हात लावले, माना खाली घातल्या आणि जोर लावला.

इंजिन गरजलं. गाडी भुर्रकन पुढे, आणि आम्ही फेट्यांसकट रस्त्यावर पालथे!

नाना पडल्या जागेवरूनच हरखून ओरडले, "व्हयनी! एकच सेल्फमा चालू व्हयनी!"