सासूबाईंच्या वाटची बाटली

सासूबाईंच्या वाटची बरीच कामं माझ्याकडे असतात आणि ती मी कुरकुर न करता करते, असं मी लिहिलं तर नवरा हसेल. कुरकुर करते, पण करते. त्यांना ताप आला की त्यांची चतुर्थी मी धरते. नवरा एकदा मोठ्या आजारातून उठला, तेव्हा त्यांनी गिरडच्या दर्ग्याचा नवस बोलला होता. त्यांचे गुडघे टेकडी चढू देईनात, म्हणून तो मी चढून फेडला. घरोघरी असंच चालतं. सासूचं अडलं की सून उभी राहते, देवही ते चालवून घेतो. म्हणून आरोग्य खात्याच्या आशाताईनं दिलेली प्लास्टिकची बाटली सासूबाईंनी माझ्या हातात ठेवली आणि "माही बी तूच भरून देजो" म्हणाल्या, तेव्हा मला त्यात फारसं वावगं वाटलं नाही. आता सांगताना कान गरम होतात, पण खरं ते खरं.

आमचं गाव वडनेरच्या अलीकडे, शेत गावाला लागून. वांगी, पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात भेंडी आणि गवार. माल काढायचा आम्ही दोघींनी आणि बाजारात बसायचं त्यांनी. त्यांच्याइतकं ठासून भाव सांगणं मला जमत नाही. बाजाराच्या दिवशी त्या सकाळी अर्धा कप चहा घेऊन निघत आणि संध्याकाळी परत येईपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. बाजारात बायकांना जायला जागा नाही. मग पाणी प्यायचंच नाही, हा तिथे बसणाऱ्या सगळ्याच बायकांचा नियम. गुडघ्यांसाठी किराणा दुकानातून लाल गोळ्यांची पट्टी आणलेली असे. एक सकाळी, एक दुपारी, आणि हे सगळं वर्षानुवर्षं. याला कुणी आजार म्हणत नव्हतं, बाजार म्हणत होतं.

त्या वर्षी सरकारनं गावोगाव तपासणी काढली होती. बीपी आणि शुगरवाल्यांच्या लघवीत काही जातंय का ते पाहायचं, म्हणजे किडनीचं दुखणं आधीच सापडेल. सासूबाईंना बीपी होतंच, आणि मला बाळंतपणात झालं होतं, म्हणून दोघींच्या नावाच्या बाटल्या आल्या. आशाताईनं नीट समजावून सांगितलं. सकाळची पहिली लघवी, झाकण घट्ट, बाटली नऊच्या आत तिच्या घरी. तिचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, मधे चावडी, पानठेला आणि तिथे बसलेली सगळी माणसं.

"गावभर थे मिरवत नेऊ काय मी?" सासूबाई म्हणाल्या. "तू जाऊनच राह्यली, त दोन्ही ने."

मी दोन्ही भरल्या, पिशवीत घालून वर मेथीची जुडी ठेवली आणि पोचवून आले. आठवड्यानं दोघींची कार्डं आली. दोन्हींवर 'ठीक'. ते होणारच होतं म्हणा.

मी ही गोष्ट हसून विसरून गेले असते. पण सासूबाई ते कार्ड पैशांच्या कापडी पिशवीत घालून बाजारात नेऊ लागल्या आणि शेजारच्या बायांना दाखवू लागल्या. "माही किडनी सरकारनं पास केली," असं सांगत. आणि पास झालेली किडनी म्हणून गोळ्या दोनाच्या तीन झाल्या. मी एकदा म्हटलं, "आई, इतक्या गोळ्या बऱ्या नाही." त्यांनी कार्डच पुढे केलं. माझीच लघवी माझ्या तोंडावर फेकल्यासारखं झालं ते.

मग पोळ्याच्या सुमारास एके सकाळी त्या चुलीपुढे बसल्या होत्या आणि मला त्यांचा चेहरा वेगळा दिसला. डोळ्यांखाली सूज. पायाकडे पाहिलं तर जोडवी बोटात रुतलेली आणि चपलेच्या पट्ट्याचा वळ दुपारपर्यंत तसाच. हा चेहरा मी आधी पाहिला होता. माझ्या सासऱ्यांचे मोठे भाऊ, म्हणजे सासूबाईंचे भासरे, असेच सुजले होते. मी लग्न होऊन आले, त्याच वर्षी. तेव्हा डायलिसिसचं मशीन जवळ कुठेच नव्हतं. आठवड्यातून दोनदा हायवेवर उभं राहून नागपूरची एसटी धरायची, चार तास मशीनला लावून घ्यायचं, परत यायचं, आणि दोन दिवस पडून राहायचं की पुन्हा निघायचा दिवस. शेवटी त्यांनीच नाही म्हटलं. बाजेवर बसून स्वच्छ सांगितलं, आता मी नाही जात. त्यांना तेव्हा पाणी मोजून प्यायला लागायचं, आणि ते मोजून देणाऱ्या सासूबाईच होत्या.

मी त्या दिवशी मेथी तशीच टाकून आशाताईकडे गेले. ती अंगणात गहू निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की दोन्ही बाटल्या माझ्याच होत्या. वाटलं होतं, ती चिडेल. तिनं सूप खाली ठेवलं, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "कोनाले सांगजो नको. माह्या सासूची मीच भरलती."

आधी तिला हसू फुटलं, मग मला, आणि मग दोघींचंही थांबलं. कारण ती जर असं करते, तर गावातल्या किती सुनांनी केलं असेल, हा विचार दोघींना एकदमच आला. गावातल्या साऱ्या सासवा ठणठणीत निघाल्या होत्या, त्याचं कारण आता समोर होतं.

तिनं डोक्यावर पदर घेतला आणि मला उपकेंद्रात घेऊन गेली. तिथे बसणाऱ्या मॅडम तरुण आहेत, नागपूरकडच्या. गावात सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. स्वतःचं कबूल करताना आशाताईचा आवाज चिरकला, तेव्हा त्यांनी तिला पाणी दिलं. रागावल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सासूबाईंना उद्याच घेऊन या. बाकीचं आपण नंतर पाहू." आणि मग एक प्रश्न विचारला, जो आजवर आम्हाला कुणी विचारला नव्हता. "बायका स्वतःहून बाटली देतील, असं करायला काय करावं लागेल?"

आम्ही दोघी सुटलोच. बाटली गावातून न्यायला लावू नका, उपकेंद्रातच भरायची सोय करा. बाजाराच्या दिवशी ठेवू नका. पुरुषांच्या रांगेत उभं करू नका. बाटलीवर नाव नको. आणि इथल्या संडासाला आतून कडी लावा. मॅडम लिहून घेत होत्या. कडीशी आल्यावर त्यांनी मान वर केली. कडी नाही, हे त्यांनाही माहीत होतं. त्याही बाईच.

घरी येऊन मी सासूबाईंना सांगितलं. झालं! दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. वांग्याच्या वाफ्यात मी या टोकाला तर त्या त्या टोकाला. मॅडमनी सांगितलेला 'उद्या' उलटून गेला. माझा जीव टांगणीला लागलेला आणि इकडे वांगी तोडणं सुरूच. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्या ओळीत जाऊन बसले. म्हटलं, शिव्या द्या, पण चला.

त्यांनी हातातलं वांगं टोपलीत टाकलं. "तुले वाटते मले लाज आली म्हणून दिली नाई मी बाटली?" त्यांनी हात लुगड्याला पुसले. "लाज कायची? चार लेकरं झाली मले. मले माहीत होतं त्यात काय निघन थे. पाय काय आजचे सुजून राह्यले? भासऱ्यांले पाहिलं मी. पाण्यासाठी हात जोडत मले, अन् मी देत नोती. मले त्या मशीनवर नाई जायचं, बाई."

इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करूनही मला हे ठाऊक नव्हतं. मी मॅडमचं ऐकलेलं त्यांना सांगितलं, की मशीनवर जायला लागू नये म्हणून तर हे आधी शोधायचं. मोठ्या सासऱ्यांचं कुणी शोधलंच नव्हतं, सूज आली तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. त्या बराच वेळ ढेकळं फोडत बसल्या. मग उठून म्हणाल्या, "लुगडं बदलून येतो."

बाटली त्यांनी भरली. मी बाहेर दार धरून उभी होते, कारण कडी नव्हती. मॅडमनी त्यात पट्टी बुडवली आणि तिचा रंग बदलला. मला तो रंग आजही डोळ्यांपुढे आणता येतो, हिरवट. रक्त घेतलं, चिठ्ठी दिली आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं. रक्ताचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागले. त्या दोन दिवसांत सासूबाईंनी सगळं आवरायला घेतलं. बियाण्याचे डबे दाखवले, कुठल्या बाईला किती सांबार उधार जातो ते सांगितलं. मी ऐकत होते आणि आतून मला नुसता राग येत होता. त्यांचा नाही, माझा. त्या 'ठीक'वर तीन महिने गोळ्या खाल्ल्या होत्या त्यांनी.

दवाखान्यात आम्ही ज्या बाकावर बसलो, त्याच्या समोरच्या खोलीत मशीनं होती. आता तालुक्यालाच आहेत आणि फुकट आहेत. दार उघडं होतं. आत एक माणूस मशीनला लावलेला असताना मोबाइलवर क्रिकेट पाहत होता. सासूबाई त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. "नागपूरले नाई जा लागत याले?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "भासऱ्यांच्या वक्ती असतं त..."

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, पाय दाबून पाहिले, गोळ्यांची रिकामी पट्टी पाहिली. म्हणाले, किडनी थोडी बिघडली आहे, थोडीच. लाल गोळी आजपासून बंद. बीपीची गोळी एक दिवस चुकवायची नाही. लोणचं आणि वरून मीठ बंद. बाजाराच्या दिवशी पाणी प्यायचं म्हणजे प्यायचं. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.

"अन् मशीन?" सासूबाईंनी विचारलं.

"कशाला मशीन? नीट वागलात तर नाही लागणार. वेळेवर आलात."

मला रडू आवरलं नाही. भर ओपीडीत, पदर तोंडात धरून. सासूबाई मात्र कोरड्या होत्या. बाहेर येऊन बाकावर बसल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "चहा पाज." मग त्यांनीच गाडीवाल्याला हाक मारून माझ्यासाठी समोसाही सांगितला. त्या दिवशी परत येताना बसमध्ये मला अशी झोप लागली, की गाव कधी आलं ते कळलं नाही. त्यांनीच हलवून उठवलं.

मॅडमनी आमचं सगळं तालुक्याच्या बैठकीत मांडलं. आमची नावं न घेता, असं त्या शपथेवर सांगतात. तिथे कळलं, दुसऱ्या गावांतूनही असेच सगळे ठीक निघाले होते आणि कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. मग काही महिन्यांनी कागद आला. बाटली उपकेंद्रातच भरायची, बायकांचा दिवस वेगळा, नावाऐवजी नंबर, आणि ज्यांना बीपी-शुगर आहे त्यांचं रक्तही सोबत. आधीच्या सगळ्यांची तपासणी पुन्हा. त्या फेरीत आशाताईची सासूही सापडली, तीही वेळेवर. कडीचा मात्र कागदात उल्लेख नव्हता. ती शेवटी माझ्या नवऱ्यानं आमच्या गोठ्याच्या दाराची काढून तिथे ठोकली. बाजारातला संडास अजून व्हायचा आहे. म्हणून सासूबाई दुपारच्या गाडीनं परत येतात आणि उरलेला बाजार मी करते. भाव अजूनही त्यांच्यासारखा सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात यंदाची फेरी झाली. बायका ओट्यावर बसल्या होत्या. आमच्या दोघींचे नंबर लागोपाठ आले. आधी मी जाऊन आले, मग सासूबाई गेल्या. आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या त्या बाटली हातात धरून, पदराखाली वगैरे काही नाही, आणि सगळ्या बायकांच्या समोरून चालत जाऊन ती त्यांनी आशाताईच्या टेबलावर ठेवली.

"पाह्यजो नीट. माहीच हाय."

बायका हसल्या. गुडघ्यांवर हात टेकत त्या माझ्या शेजारी येऊन बसल्या. पायातली जोडवी सैल झाली होती, बसताना वाजली. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला, आहे तेवढंच आहे, वाढलेलं नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी त्या माझ्याकडे वळल्या आणि आवाज मुळीच हळू न करता विचारलं,

"अन् तुही? तुही तूच भरली नं?"