दहिवलीच्या शेडमधलं रबिंग

गाड्या घासणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. हात दिवसभर गोल गोल फिरत असतात, डोक्याला काम नसतं, आणि गिऱ्हाईकाला वाटतं, हा खाली मान घालून बसलाय म्हणजे याला ऐकू येत नाही! मी दहिवलीच्या शेडमध्ये शिरलो तेव्हा मिसरूड फुटलेली होती, बाहेर पडलो तेव्हा मिशा पिकल्या होत्या. मधली सगळी वर्षं रबिंग.

शेड म्हणजे कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याला लागून चार खांब आणि वर पत्रे. नारायण पत्रा ठोकून सरळ करायचा. गोविंद मिस्त्री रंग मारायचे. या दोघांच्या मधलं आणि नंतरचं जे काही होतं, ते माझं. खळग्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरली की घासा, अस्तर मारलं की घासा, रंग मारला की घासा, आणि गाडी नवीकोरी दिसायला लागली की चमक आणायचं कंपाऊंड लावून परत घासा!

बायको विचारायची, "आज काय केलंत?"

मी म्हणायचो, "काल केलं तेच. दुसऱ्या दरवाजाला."

*

मिस्त्रींच्या बोटांची कातडी पाण्यानं आणि पॉलिश पेपरनं इतकी झिजली होती की रंगातला बारीक कण बोटाला लागायचाच नाही. म्हणून ते गाल लावून बघायचे. पत्र्याला गाल टेकवायचा, डोळे मिटायचे आणि हळूहळू सरकायचं. गालाला काही टोचलं की मला हाक.

एकदा खोपोलीच्या एका वकिलांच्या मिसेस गाडी न्यायला आल्या. लग्नाच्या गाड्यांची घाई होती, आम्ही आठवडाभर धड घरी गेलो नव्हतो. बाई आल्या तेव्हा मिस्त्री त्यांच्याच बॉनेटवर गाल टेकून, डोळे मिटून उभे.

बाईंनी हळूच मला विचारलं, "काय करतायत?"

"फिनिशिंग तपासतायत. गालाला कणसुद्धा कळतो त्यांच्या."

बाई भारावल्या. पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या. बराच वेळ गेला. मिस्त्री हलेनात.

"किती मन लावून करतात हो!" बाई म्हणाल्या.

आणि मिस्त्री घोरले!

मी उठवायला पुढे झालो, तर बाईंनी मला हातानं थांबवलं. म्हणाल्या, "राहू दे. होऊ दे त्यांचं तपासून. मी संध्याकाळी येते."

*

बोटांवरून आठवलं. मिस्त्रींना सही येत नव्हती. वडील गेल्यावर घर नावावर करायचं होतं, म्हणून मी त्यांना एका कचेरीत घेऊन गेलो. कारकुनानं शाई लावून अंगठा कागदावर दाबला. नुसता निळा ठिपका. रेघ एकही नाही.

"नीट दाबा."

नीट दाबला. ठिपका थोडा मोठा झाला.

मग दुसरा हात. तोच प्रकार. कारकून चांगला माणूस होता, पण त्यालाही घाम फुटला. त्यानं मिस्त्रींचा पंजा उजेडात धरला आणि म्हणाला, "अहो, रेघा गेल्या कुठं तुमच्या?"

मिस्त्रींनी खिडकीतून बाहेर बघितलं. कचेरीच्या साहेबांची गाडी उभी होती, आम्हीच केलेली. उन्हात नुसती लखलखत होती.

"त्या काय तिथं," मिस्त्री म्हणाले.

*

एकदा एक टेंपो हिरवा करायचा होता. शेडमध्ये दुसरी गाडी, म्हणून मिस्त्रींनी तो बाहेर घेतला. वारा पडलेला. स्प्रे गन सुरू केली आणि अर्धा टेंपो झाला नाही तोच वारा सुटला! टेंपोवर गेला तो रंग गेला, उरलेला पलीकडे करंजाच्या झाडाखाली शेजारच्या हिराकाकीची पांढरी गाय बांधलेली होती तिच्यावर.

काकी पदर खोचून आली. "मिस्त्री, काय केलीस रं माजी गाय! सकाळी पांडरी बांदली हुती मी!"

नारायण म्हणाला, "काकी, चारा जास्ती झालाय. आतला बाहेर दिसाया लागलाय."

काकी हसली नाही. तिचं घर त्या गाईवर चालत होतं. "माजं दूद कोन घेल आता? लोक म्हनतील हिला कायतरी रोग हाय."

नारायणची मान खाली गेली. थिनर जनावराच्या अंगाला लावता येत नाही, कातडी जळते. मग मिस्त्रींनी खोबरेल आणलं, एक फडकं मला दिलं, एक स्वतः घेतलं. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला मी. अख्खी दुपार आम्ही गाय घासली. गाईनं डोळे मिटले, मान लांब केली आणि उभ्या उभ्या रवंथ सुरू केला. पांढरी झाली, वर खोबरेलानं चमकायला लागली. काकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडवर आलो, तर दावं तोडून गाय आत उभी! कोपऱ्यात नाही, दोन गाड्यांच्या मधोमध, रांगेत. मला बघितल्यावर तिनं कूस माझ्याकडे केली.

मिस्त्री मागून आले. बघितलं आणि थकलेल्या आवाजात म्हणाले, "रघू, हिचं कंपाऊंड राहिलंय."

*

बायकोनं एकदा भावाच्या लग्नासाठी रेशमी साडी घेतली. घडी उघडून माझ्यापुढे धरली. मी हात पुढे केला तर ती मागे सरकली.

"लांबून बघा. धागे निघतील तुमच्या हातानं."

मी लांबून बघितली. चांगली होती.

मग तिलाच काय वाटलं कुणास ठाऊक, साडी ट्रंकेवर ठेवली, माझा हात ओढून घेतला आणि तळव्याला तूप चोळत बसली. चोळता चोळता म्हणाली, "हे लोकांच्या गाड्यांवर फिरवता ना, त्या नाय वरडत?"

*

शेवटच्या काही वर्षांत नेरळचे एक साहेब यायचे. बोटीवर इंजिनिअर होते. गाडी पांढरी, पण उभी असायची कारखान्याच्या भिंतीला. धुरातले, लोखंडातले बारीक कण रंगात रुतून बसलेले. धुतली तरी हाताला रवाळ लागायची. आम्ही म्हणालो, आठवडा लागेल.

साहेबांनी खिशातून एक डबी काढली. आत करड्या रंगाचा गोळा.

"जपानहून आणलाय. ही माती आहे."

"माती?" नारायण म्हणाला. "गाडीवरची माती काढाया माती?"

साहेबांनी साबणाचं पाणी मागितलं, पत्रा ओला केला, गोळा चपटा केला आणि अगदी हलक्या हातानं फिरवला. आधी खर्रखर्र आवाज आला, मग कमी झाला, मग आलाच नाही. गोळा उलटा करून दाखवला. सगळे काळे कण त्याच्यात. रंग जागच्या जागी! मग गोळा मला दिला. मी दरवाजावर फिरवला. हात असा सरकला, जसा माझा नव्हेच. जेवायच्या सुट्टीच्या आत आख्खी गाडी झाली.

मिस्त्रींनी गाल लावून बघितलं. मग येऊन स्टुलावर बसले.

"साहेब, ही माती होती कुठं इतकी वर्षं?"

"जपानात."

"आणि आमी इथं," मिस्त्री म्हणाले.

साहेब गोळा डबीत घालून घेऊन गेले. नारायणच्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. रविवारी पेणला गेला आणि गणपतीच्या कारखान्यातून शाडूची माती घेऊन आला. म्हणाला, "जपानची माती ती माती, आन् आपली काय माती नाय? आपली तर देव करायची हाय!" साबणाच्या पाण्यात मळली, मऊसूत गोळा केला आणि नुकत्याच तयार झालेल्या काळ्या बॉनेटवर मन लावून फिरवला.

पुसून बघितलं तर बॉनेटभर चक्रं! नखानं काढल्यासारखी, एकात एक. शाडूतली बारीक रेती सगळीकडे बोलली होती.

नारायण गोळा हातात धरून उभा. मी बॉनेटकडे बघतोय, कारण ते परत घासणार कोण हे मला माहीत होतं. मिस्त्रींनी वाकून चक्रं नीट बघितली, कंबर धरून सरळ झाले आणि शांतपणे म्हणाले, "नाऱ्या, विसर्जन कर."

*

आता शेलूच्या आबांचं सांगतो.

आबा भातशेतीवाले. उभं आयुष्य बैलांच्या मागे गेलं आणि म्हातारपणी काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले. रस्त्याकडची जमीन विकली तेव्हा पोरगा वसंत म्हणाला, आपण गाडी घेऊ. जुनी अँबॅसिडर घेतली आणि रंगाला आमच्याकडे आणली.

पहिल्याच दिवशी आबा पोराचा खांदा धरून आले. गाडीला पुढून मागपर्यंत हात लावला, बैल विकत घेताना लावतात तसा. मिस्त्रींना म्हणाले, "काळी कर. माजे डोळे व्हते तवा मामलेदाराची काळी गाडी आमच्या बांदाला थांबली हुती. तिच्या अंगात माजं तोंड दिसलं हुतं. तसली कर."

काम सुरू झालं. आबा अधूनमधून यायचे, माझ्याजवळ बाकड्यावर बसायचे. मी पेपर फिरवायचो, ते आवाज ऐकायचे. "अजून खरखरतंय रं," म्हणायचे. मी म्हणायचो, "व्हय आबा, घासतोय."

अस्तर झालं आणि वसंत रंगाचा डबा घेऊन आला. पांढरा.

मिस्त्री म्हणाले, "आबांनी काळा सांगितलाय."

"काळ्यावर धूळ दिसते, मिस्त्री. रोज पुसायची कुणी? आन् बायकोला पांढरी पायजेल. आबांना काय दिसतंय?"

"त्यांना सांगा तरी."

"सांगतो मी घरी," वसंत म्हणाला.

मिस्त्रींनी पांढरा मारला. मी घासली, कंपाऊंड लावलं, परत घासली. त्या गाडीत खरंच तोंड दिसत होतं, पांढरी असून.

न्यायला दोघं आले ते चैत्रातल्या भर दुपारी. गाडी आम्ही सकाळपासून बाहेर उन्हात काढून ठेवलेली. वसंतनं मिस्त्रींकडे बघून हळूच मान हलवली. आम्ही समजलो, घरी काही सांगितलेलं नाही.

आबा पुढे झाले. दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले. सरकवत काचेपर्यंत नेले, तिथून दरवाजावर, दरवाजावरून मागे डिकीपर्यंत. कुठंही अडखळले नाहीत. मला इतकं बरं वाटलं! मग परत पुढे आले आणि बॉनेटवर उजवा हात ठेवून तसेच उभे राहिले. रस्त्यावरचं डांबर पातळ झालं होतं, आणि आबांचा हात पत्र्यावर निवांत.

"गुळगुळीत झालीय," आबा म्हणाले. "रघू, हात दे तुजा."

मी दिला. त्यांनी माझा खरखरीत तळवा चाचपला आणि सोडला.

मग मिस्त्रींकडे तोंड केलं. "मिस्त्री, लय काळ्या गाड्या केल्या असतील तुमी."

"व्हय आबा."

"पन उन्हात तापत नाय असला काळा म्यां आज पयल्यांदाच बघितला!"

नारायणनं हातोडा खाली ठेवला. वसंतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो किल्ली हातात फिरवत राहिला, मग घसा खाकरून मिस्त्रींना म्हणाला, "काळा मारायचा म्हटला तर... किती दिस लागतील?"

माझे खांदे तिथंच खाली आले. सगळी गाडी, पहिल्यापासून.

आबांनी चाचपत दरवाजा उघडला, आत बसले, धोतर सावरलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून दरवाजावर थाप मारली.

"चल रं वसंता. ऱ्हाऊ दे पांडरीच. उन्हाची बरी."