मोबाईलला लावलेलं कुंकू

माझी सोयरीक जमली तेव्हा मी व्हिएन्नात, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, उकडलेल्या बटाट्यांची सालं काढत होते. हे मी चेष्टेनं सांगत नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तेव्हा संभाजीनगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, सिव्हिलला. घर करमाडच्या अलीकडं. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेंद्र्याला कंपनीत पाळीवर जातात आणि उरल्या वेळात शेती बघतात. त्या उन्हाळ्यात कॉलेजमधून व्हिएन्नाच्या एका अभ्यासक्रमाला माझी निवड झाली. विषय शहराच्या पाणीपुरवठ्याचा, म्हणजे जमिनीखाली पाईप कुठं गळतोय ते कसं शोधायचं. आमच्या भावकीतून पुण्याच्या पलीकडं कुणी शिकायला गेलं नव्हतं, पोरगी तर नाहीच नाही. तरी अण्णांनी जाऊ दिलं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं, माझ्या आत्यानं, आधी तोंड फुगवलं, मग अट घातली. रोज व्हिडिओ कॉल करायचा, तोंड दिसलं पाहिजे. म्हटलं, दाखवते की. मला काय ठाऊक, कुणाकुणाला दाखवायचंय ते!

शहर चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. रस्त्यावरच्या नळाखाली ओंजळ धरावी आणि पाणी प्यावं, इतकं चांगलं. पण रविवारी दुकानं बंद, रस्ता सुना, जोरात शिंक आली तरी शेजारीण दार वाजवणार. त्याचं काही नाही, सवय होते. सवय झाली नाही ती वर्गात शिकवणाऱ्या बाईंची. मी गळतीवर बोलायला उभी राहिले की त्या मध्येच विचारायच्या, तुमच्याकडं बायका डोक्यावरून पाणी आणतात ना, त्याबद्दल सांग की. एकदा तर म्हणाल्या, करून दाखव. मी हंडा नेला नव्हता, नाहीतर तो डोक्यावर गेला असता, पण माझ्या नव्हे.

तर तो रविवार. सकाळीच आईचा फोन. "पोपटी ड्रेस घाल. केसं बांध. टिकली लाव."

"कशाला गं?"

"आत्याकडं पूजा हाय. सगळे बसलेत, तुला बघतील. बरं दिसतंय का मोकळ्या केसांनी?"

घातला ड्रेस. लावली टिकली. मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बटाटे सोलत बसले. समोर आत्याची बैठक दिसत होती, टोप्या घातलेले दोघं-तिघं आणि जरीच्या साडीतली एक बाई. मला वाटलं आत्याच्या सासरकडची कुणीतरी असेल. ती बाई विचारायला लागली, मी उत्तरं द्यायला लागले. कितवीला हायेस? स्वयंपाक येतो का? म्हटलं, येतो की, आत्ता तेच करतेय. बटाटा वर करून दाखवला. ते सगळे हसले. मला बरं वाटलं, इतक्या लांब आपल्या माणसांचं हसणं ऐकून! परत येणार ना गं इकडं? येणार म्हणजे काय, माझं शेवटचं वर्ष राहिलंय. मोठ्यांचं ऐकतेस ना? आता ह्याला कुणी नाही म्हणतं का? म्हटलं, हो.

झालं. त्या 'हो'वर सगळं झालं. तिकडं मोबाईल उचलून पाटावर ठेवला, नारळाला टेकवून. मला आधी छत दिसलं, पंखा दिसला, मग एक अंगठा जवळ जवळ येत गेला आणि सगळी काच लाल झाली. त्या बाईनं मोबाईलला कुंकू लावलं. माझ्या कपाळावर नेम धरून. वर अक्षता टाकल्या त्या गारा पडल्यागत वाजल्या. आमच्यात मुलाच्या आईनं पोरीला कुंकू लावलं की सोयरीक पक्की. पण त्याला पोरगी समोर लागते हो! कपाळ लागतं!

मी ओरडले. "आत्या, हे काय चाललंय? अण्णा!" लाल काचेमागून आत्याचा आवाज आला, "लाजली बघा पोरगी." आणि फोन बंद. नंतर लावला तर म्हणे रेंज नव्हती.

आई दुसऱ्या दिवशी सापडली. मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ती शांतपणे म्हणाली, "नुसतं कुंकू तर लावलंय. लगीन कुठं लावलंय? लगीन दिवाळीनंतर हाय."

"आणि माझं शेवटचं वर्ष?"

"ते लोक म्हणतेत बघू. त्यांच्या जालन्यातबी कॉलेजं हायेत."

बघू! हा शब्द आमच्याकडं कशासाठी वापरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या चुलत बहिणीच्या नर्सिंगचंही 'बघू' म्हणाले होते. तिला आता दोन पोरं आहेत आणि तिच्या सासरचे अजून बघतायत.

"मला इचारलं का गं एका तरी शब्दानं?"

"तुझ्या भल्यासाठीच केलं. पोरगी बाहेर एकटी राहून आली की लोक काय काय बोलतेत तुला नाय कळायचं. यायच्या आत ठरलेलं असलं म्हंजी तोंडं बंद." 

एकदम पक्का हिशोब. मी तिकडं पाईपची गळती शोधत होते आणि इकडं माझीच अब्रू गळायच्या आत बूच मारून झालं होतं.

चार दिवस जेवण गेलं नाही. वर्गातल्या बाईंनी माझं तोंड बघून खोदून खोदून विचारलं आणि मी मूर्खासारखं सांगून टाकलं. बाईंचे डोळे भरून आले. हात धरून म्हणाल्या, अशा मुलींना मदत करणारी माणसं इथं आहेत, तू परत जाऊच नकोस, तुझ्या घरच्यांपासून तुला वाचवलं पाहिजे. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! मी ताडकन उठले. म्हटलं, बाई, माझे अण्णा रात्रपाळी करून सकाळी झोप न घेता मला विमानाला सोडायला मुंबईपर्यंत आले होते. त्यांच्याशी मी भांडेन, कचाकचा भांडेन, पण तुम्ही मध्ये पडू नका. आपलेच दात आणि आपलेच ओठ, हे त्या भाषेत कसं सांगायचं ते मला आलं नाही. त्यांना वाटलं मी घाबरलेय. त्या दिवसापासून त्या माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं हळू बोलायला लागल्या. त्याचाही मला संताप यायचा.

परत आले तेव्हा घरात आत्या हजर. माझी बॅगही उघडली नव्हती. म्हणाली, पुढच्या आठवड्यात ती माणसं येणार, आता समोर बसवून कुंकू लावतील, ओटी भरतील. मी म्हटलं, मला हे लग्न करायचं नाही. मला माझं शेवटचं वर्ष करायचंय.

अण्णा खाली बघत म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"शब्द तुमचा हाय अण्णा. नांदायचं मला हाय."

आत्या म्हणाली, पोरानं काय घोडं मारलंय तुझं? काही नाही मारलं. तो पोरगा वाईट असेल असं मला कधी वाटलंही नाही. मी त्याला बघितलंच नव्हतं, मग वाईट कसा म्हणू? मी एवढंच सांगितलं, ती माणसं आली तर मी बैठकीत येऊन सगळ्यांसमोर नाही म्हणेन. आत्याचा चेहरा उतरला. मी म्हणेन, हे तिला पक्कं ठाऊक होतं. माझा तापटपणा तिच्यावरच गेलाय.

दोन दिवस घरात कुजबुज चालली. मग अण्णा आणि आत्या जालन्याला जाऊन आले आणि सोयरीक मोडली. मला वाटलं, जिंकले! आईला मिठी मारली. तिनं हात नुसते लोंबते ठेवले.

ते कसं मोडलं ते मला कॉलेजच्या बसमध्ये कळलं. मागच्या सीटवर आमच्याच गावची एक पोरगी दुसरीला सांगत होती, ती पुढं बसलीय ना, तीच, जिचं तिकडं एका गोऱ्याशी जमलं.

कारण आमच्यात 'पोरीला नको' हे कारणच नाही. पत्रिका जुळत नाही, हे कारण. नात्यात जवळची निघाली, हे कारण. पण पत्रिका आधीच जुळवून झालेली, नातंही तपासलेलं. अण्णांनी दिलेला शब्द मोडायचा नव्हता, म्हणून तो समोरच्यांकडून मोडून घेतला. आत्यानं त्यांना जाऊन सांगितलं, पोरीचं तिकडं सूत जमलंय, आम्ही तुम्हाला फसवणार नाही. त्या लोकांनी दारातूनच हात जोडले. अण्णांचा शब्द शाबूत राहिला आणि माझं नाव गेलं. ज्या बदनामीच्या भीतीनं मला न विचारता कुंकू लावलं, तीच बदनामी स्वतःच्या हातानं गावभर वाटून आले! आणि वर आत्या म्हणते, तुझ्यासाठी किती खोटं बोलावं लागलं बघ.

शेवटचं वर्ष मी केलं. रोज त्याच बसनं गेले, मान ताठ ठेवून. अण्णा फीच्या पावतीवर सही करायचे, पण बोलायचे नाहीत.

परीक्षा संपली त्या संध्याकाळी आई भाकरी थापत होती आणि मी चुलीपुढं बसले होते. तिनं दाराकडं बघून घेतलं, मग हळूच विचारलं, "खरं सांग मला. व्हता का कुणी तिकडं?"

आत्यानं घरात बसून ते खोटं रचलं तेव्हा ही शेजारीच बसलेली होती.

"आई, कुणी नव्हतं. मला नको होतं, एवढंच."

तिचा हात थांबला. पीठ लागलेली बोटं तशीच धरून तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि तिला खरंच कळत नव्हतं.

"एवढ्यासाठी कुणी मोडतं व्हय?"