बारा ठोक्यांचा थांबा

शिरीष गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेली होते. शनिवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते. दुबईत अल मनखूलमधल्या आमच्या घरी सोफा भिंतीला सरकवून प्रॅक्टिसची तयारी झाली होती. भावेकाकू आणि बाकीच्या पाच जणी चहा पिऊन ओळीने बसल्या होत्या, रामिल तिसऱ्यांदा गिटार जुळवत होता, आणि ज्याच्यासाठी हा सगळा पसारा मांडायचा त्याचाच पत्ता नव्हता. पलीकडच्या किनाऱ्यावरच्या खोर फक्कानहून यायला दीड तास लागतो हे त्याला अठरा वर्षांत पटलं नव्हतं. दोनदा फोन केला, उचलला नाही. मग मी मेसेज टाकला, 'यल्ला, चल लवकर, कुठे उलथलायस?' दहा मिनिटांनी त्याच्या बायकोचा, मेधाचा फोन आला. दुपारी जेवण झाल्यावर छातीत दुखायला लागलं आणि हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वय अठ्ठावन्न. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी त्या माणसाशी शेवटचं बोलले ते हे असं. याबद्दलसुद्धा मी त्यालाच जबाबदार धरते... वेळेवर आला असता तर काहीतरी बरं बोलले असते.

या पुरवणीच्या काही वाचकांनी 'ला मनखूल' हे नाव ऐकलं असेल. दुबईतल्या मराठी माणसांनी काढलेला, डिस्कोत लॅटिन आणि फ्लॅमेंको मिसळणारा ग्रुप, अशी आमची ओळख करून दिली जाते आणि लोक आधी हसतात. मीसुद्धा हसले होते. शिरीष खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला होता. कुठल्या जहाजावर कुठला कंटेनर कुठे चढवायचा हे ठरवणं त्याचं काम, आणि त्यात म्हणे त्याची कधी एक चूक होत नसे. हाच माणूस घरी येताना चष्मा गाडीत विसरायचा, गाडीची किल्ली आमच्या फ्रिजवर विसरायचा आणि मेधाला एकदा चक्क पेट्रोल पंपावर विसरून पुढे गेला होता. मूळचा चिपळूणचा. लहानपणी भजनी मंडळात तबला शिकला, कॉलेजात डिस्कोच्या नादी लागला आणि ते दोन्ही नाद त्याने इथे बरोबर आणले. मी क्वांटिटी सर्व्हेअर, मोजमाप हा माझा धंदा. आमचं जमलं कसं हे मला अजून कळलेलं नाही.

सुरुवात मंगळागौरीने झाली. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांची खेळांची तालीम आमच्याकडे चालायची आणि मेधाला न्यायला शिरीष यायचा. एका श्रावणात तो आला आणि दारातच उभा राहिला. फुगड्या, झिम्मा चाललेला, सहा जणींच्या टाळ्या एकसारख्या पडत होत्या, पाय जमिनीवर आपटत होते. मेधा पर्स घेऊन निघाली तरी हा हलेना. 'शुभा,' तो मला म्हणाला, 'या बायका जे करतायत ना, त्यासाठी स्पेनमध्ये वेगळी माणसं ठेवतात. नुसती टाळ्या वाजवायला.' मी म्हटलं, 'मग तू स्पेनला जा, पण आधी मेधाला जेवायला घाल.' पुढच्या आठवड्यात तो रामिलला घेऊन आला. रामिल मनिलाचा, एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. पूर्वी बरीच वर्षं क्रूझवर वाजवायचा, आणि तिथल्या एका स्पॅनिश सोबत्याकडून त्याने फ्लॅमेंको गिटार उचलली होती. त्याने बारा मात्रांचं एक आवर्तन वाजवून दाखवलं. 'मॅडम, वन से नहीं गिनने का. ट्वेल्व्ह से,' तो म्हणाला. पहिला जोर बारावर, मग तीन, सहा, आठ, दहा. मी म्हटलं, आपल्या एकतालातही बारा मात्रा आहेत, पण आपण शहाण्या माणसांसारखे एकपासून मोजतो. शिरीष म्हणाला, 'म्हणून आपण नेहमी उशिरा पोचतो.' हे कोणी बोलावं!

त्यानंतर दोन वर्षं माझ्या घराचं घरपण गेलं. ड्रम मशीनवर डिस्कोचा तो धप धप चार ठोक्यांचा बीट, त्याच्या तीन फेऱ्या झाल्या की बारा पुरे होतात, आणि त्या बारावर या बायकांच्या टाळ्या आडव्यातिडव्या पडायच्या. कीबोर्डवर डाव्या हाताने मी बेस वाजवायची, उजव्या हाताने लॅटिन पियानोचा एकच तुकडा, शंभर वेळा. मेधा वरून मराठीत गायची, शब्द तिचेच. शिरीष काहोनवर बसायचा. काहोन म्हणजे लाकडी खोका, त्याच्यावर बसून समोरची फळी हातांनी वाजवायची. दुकानातला चांगला खोका घे म्हणून मी सांगून थकले. त्याने बंदरातल्या पॅकिंगच्या प्लायवूडचा स्वतः ठोकला. त्यावर काळ्या शाईत 'धिस साइड अप' छापलेलं होतं आणि ठोकताना याने फळी उलटी लावल्यामुळे ती अक्षरं आयुष्यभर डोक्यावर उभी राहिली. 'बदल ना ती फळी,' मी म्हणायची. 'आवाज बघ की, अक्षरं काय वाचतेस,' तो म्हणायचा. टाळी जरा इकडेतिकडे झाली की तो गाणं तिथेच थांबवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. सत्तरीच्या भावेकाकूंना एका संध्याकाळी त्याने तेरा वेळा परत वाजवायला लावलं. त्या चिडल्या नाहीत, चिडले मी. काकू म्हणाल्या, 'अगं, त्याला ऐकू येतं म्हणून तो थांबवतो. आमच्या ह्यांना चाळीस वर्षांत कधी काही ऐकू आलं नाही.'

पहिला कार्यक्रम गणपतीतला. आरतीनंतर लोक प्रसादाच्या रांगेत उभे होते आणि आम्ही वाजवत होतो. कोणी वळूनही पाहिलं नाही. मग अबूधाबीकडच्या रुवैसला एका तेलकंपनीच्या कॉलनीत फॅमिली डे होता. तिथे मात्र केरळचे, पंजाबचे, इजिप्तचे लोक उठून नाचले. एक इजिप्शियन बाई काकूंच्या शेजारी येऊन टाळ्या वाजवायला लागली आणि निघताना 'हबीबती', माझी लाडकी, म्हणून त्यांच्या गळ्यात पडली. तिथून फोन यायला लागले. परवानग्या, वेळापत्रक, गाड्या, सहा जणींच्या सहा घरांच्या अडचणी, हे सगळं अर्थात माझ्याकडे आलं. शिरीषचं म्हणणं, 'तुझ्याइतकं व्यवस्थित कोणाला जमतं?' असं म्हणून या माणसाने माझ्याकडून किती कामं करून घेतली!

आमचं नाव झालं ते खोर फक्कानच्या कार्निशवर. समुद्राकाठी खुलं स्टेज, समोर हजारभर माणसं, शेवटचं गाणं रंगात आलेलं, आणि ऐन मध्यावर शिरीषचा खोका बंद पडला. टाळ्या थांबल्या. मी घाबरून मशीन बंद केलं. सगळं चिडीचूप... बारा ठोके गेले असतील. मग त्याने बारावर खोका हाणला आणि आम्ही सगळे कसे कोण जाणे एकदम आत शिरलो. लोक वेडे झाले. दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. माझी मुलगी म्हणाली, 'मम्मा, दॅट सायलेन्स! सो गुड!' मी सांगायला गेले की अगं ती चूक होती, पण कोणाला ऐकायचं नव्हतं. शिरीषही छातीठोकपणे सांगत सुटला की ते ठरवूनच केलं होतं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात लोक त्या थांब्याची वाट पाहायचे. हॉटेलांतून बोलावणी आली, एक पूर्ण सीझन आम्हाला मिळाला, दर शुक्रवारी एकाच हॉटेलच्या हिरवळीवर. गणपतीत प्रसादासाठी आम्हाला पाठ दाखवणारे आता तिथली टेबलं मिळवण्यासाठी मला फोन करायचे. एका चुकीवर हे सगळं उभं आहे, हे मला मनातून खुपायचं.

आणि मग गेल्या डिसेंबरात त्याने तो थांबा दुप्पट केला. बाराचे चोवीस. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही, स्टेजवरच केला. मी कीबोर्डवर बोटं ठेवून मूर्खासारखी बसलेली. कार्यक्रम संपल्यावर मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. 'लोकांना वाटेल लाइट गेले. एवढा वेळ कोण थांबतं? तुला टाळ्यांची चटक लागलीय, दुसरं काही नाही.' तो खोक्यावरच बसून होता. घाम पुसत हसला आणि म्हणाला, 'थांब ना गं जरा.' एवढंच. त्यानंतर मी त्याच्याशी दोन आठवडे कामापुरतंच बोलत होते. फेब्रुवारीत त्याने मला विचारलं होतं, एखादा शुक्रवार सोडला तर चालेल का? मी त्याला सगळ्या तारखांचा तक्ता पाठवला. लाल रंगात खाली लिहिलं, 'कन्फर्म्ड. नो चेंजेस.' त्यावर त्याने अंगठा पाठवला.

तेरा दिवस झाल्यावर मी मेधाला भेटायला गेले. बोलता बोलता मी म्हटलं की पुढच्या महिन्यात हॉटेलवाल्यांनी त्याच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवलाय, करायचा असला तर तो थांबा काढून टाकू, नाहीतरी चूकच होती ती. मेधाने हातातलं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, 'चूक नव्हती गं. कार्निशवर त्याचा डावा हात उचललाच जाईना. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो. ऑपरेशन लगेच करा म्हणाले. हा म्हणाला, सीझन होऊ दे, मग इन्शाल्ला करू. थांबा ठेवला तो हात खाली सोडता यावा म्हणून. डिसेंबरात बारा पुरेनात.'

मला सुचलं ते मोजमापच. बारा ठोके म्हणजे सहा सेकंद, चोवीस म्हणजे बारा. 'बारा सेकंदांत काय विश्रांती मिळते मेधा?' मी जवळजवळ ओरडलेच. 'ऑपरेशन करायचं सोडून माणूस गाण्यात थांबा घालतो? आणि तू त्याला घालू दिलास?' ती रडायला लागली. 'मी पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं गं. भावेकाकूंना ओळखू आलं, त्यांची बायपास झालीय ना. त्यांनीही खूप सांगितलं. आम्हा दोघींना त्याने शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून.' मी विचारलं, मलाच का नाही? मेधा म्हणाली, 'तो म्हणायचा, शुभाला कळलं तर ती एका संध्याकाळीत सगळा सीझन कॅन्सल करेल.'

केलाच असता! तेवढं एक त्याने माझं बरोबर मोजलं होतं. पण फेब्रुवारीत तू विचारलंस तेव्हा खरं कारण सांगायला तुझं काय जात होतं रे? मी काय तारखांवर प्रेम करत होते? तो लाल रंगातला तक्ता मी आता रोज उघडून बघते. 'नो चेंजेस.' हे मीच लिहिलं आणि हे तूच माझ्याकडून लिहून घेतलंस. मला तुझं वाईट वाटतं, स्वतःचा संताप येतो, आणि पुन्हा फिरून तुझाच येतो. तुझ्याशी एकदा कडकडून भांडायचं आहे आणि तू नेहमीसारखा वेळेवर हजर नाहीस.

खोका माझ्याकडेच आहे. 'पुढच्या वेळी नेतो' म्हणत त्याने तो वर्षानुवर्षं आमच्या हॉलच्या दारामागे ठेवला होता. झाडू मारताना रोज आड येतो. मेधा म्हणाली, असू दे तुझ्याकडे.

गेल्या शनिवारी आम्ही पहिल्यांदा जमलो. मेधाही आली. खोका दारामागून काढून त्याच्या जागी ठेवला, त्यावर कोणी बसलं नाही. रामिलने मला विचारलं, 'मॅडम, वो स्टॉप... हाऊ मेनी नाऊ? झीरो?' सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. वर्षभर मीच त्या थांब्याविरुद्ध भांडत आले होते. मी म्हटलं, 'चोवीस.' काकूंनी मान डोलावली. वाजवायला घेतलं. मेधाचा आवाज सुरुवातीला फुटला, मग लागला. थांब्याशी आलो, मी मशीन बंद केलं, टाळ्या थांबल्या. मी मनात मोजत होते. बारा, एक, दोन... एक आवर्तन झालं, दुसरं झालं. चोवीस झाले आणि काहीच झालं नाही. तेव्हा लक्षात आलं की थांब्यातून बाहेर काढणारा ठोका नेहमी शिरीषचा असायचा आणि तो कोणी द्यायचा हे आमच्यातल्या कोणीच ठरवलं नव्हतं. सहा जणी हात वर धरून बसलेल्या, मेधा डोळे मिटून उभी. नऊ जणांपैकी एकही हलेना, सगळे त्याची वाट बघत होतो. छत्तीस झाले. अठ्ठेचाळीस झाले. आणि माझं डोकं फिरलं. मी कीबोर्ड सोडून उठले आणि त्या डोक्यावर उभ्या राहिलेल्या अक्षरांवर असा हात हाणला की काकूंच्या शेजारचा चहाचा कप हलला. टाळ्या आल्या, गिटार आली, मेधा आली.

तळवा अजून दुखतोय. तुझ्यावर चिडूनच मारला होता, शिरीष. बरोबर बारावर पडला.