भरलेली बालदी
कपड्यांच्या साबणाचा वास आला की मला घाटकोपरचं आमचं न्हाणीघर आठवतं. ऐंशीच्या दशकातलं सासर, एक खोली आणि स्वयंपाकघर, माणसं सहा, आणि आतून कडी लावून एकटीने बसावं असं तेवढंच ठिकाण. तेव्हा मी दिवाळी अंकासाठी एक कथा लिहिली होती. तिच्यातली सून न्हाणीघरात जाऊन नळ सोडते आणि बालदी भरून वाहिली तरी बंद करत नाही. ती रडते, हे मी लिहिलं नव्हतं; लिहिलं असतं तर घरात विचारलं असतं, तुला काय कमी आहे इथे? नवऱ्याने ती मोठ्याने वाचली आणि म्हणाला, "अगं, तिला त्रास होतोय असं सरळ लिही ना, लोकांना कळणार कसं?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी किती वाया घालवते बाई!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत होते, नळ सोडलेला, पाणी दाराखालून बाहेर चाललेलं. नवरा दार वाजवायला लागला, "आटप गं, उशीर होतोय!" तेवढ्यात सासूबाईंचा आवाज आला, "थांब रे जरा. बालदी भरली नाही तिची अजून." मी तोंड धुऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याच्या आधी त्याच आत शिरल्या, कडी लावली, आणि त्या काठोकाठ भरलेल्या बालदीवर पुन्हा नळ सोडला. कथा मी एक शब्द न वाढवता पाठवली. आजही लिहिताना एखाद्या बाईच्या मनाशी अडले, की मला तो नळ ऐकू येतो.