उजेडताईची दुपार

कारखान्यात सगळे तिला उजेडताई म्हणायचे. हॉटेलांच्या खोल्यांसाठी तिथं रात्रीच्या देखाव्याची चित्रं रंगवत. एक जण आभाळ रंगवायचा, दुसरा डोंगर आणि झाडं, आणि शेवटी कॅनव्हास तिच्यापुढे यायचा. तळ्याकाठच्या घराची खिडकी पेटवणं हे तिचं काम. आधी पांढरा ठिपका, त्यावर पिवळा, कडेनं नारिंगी. मग रंग ओला असतानाच कोरड्या ब्रशनं अंधारात अलगद पसरवायचा. एकोणीस वर्षं तीच खिडकी.

"मालक, एकदा मला आभाळ द्या की."

"आभाळ काय हो, कुणीही रंगवेल. तुमच्यासारखा उजेड दुसऱ्या कुणाला जमतो?"

या कौतुकानंच तिचे पाय बांधले होते.

यंदा घराजवळच्या बालवाडीच्या बाईंनी तिला गाठलं. भिंतीवर लावायला एक चित्र हवं होतं. मुलं खेळतायत, भर दुपारचं लख्ख ऊन. ताई हरखली. रविवारी वहिनीनं स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करून दिलं आणि भावाला दम भरला, "आज इकडे फिरकायचं नाही."

मैदान झालं, मुलं झाली, पण ऊन काही येईना. पिवळा लावला की तो फिका वाटे; तो उठून दिसावा म्हणून हात आपसूक काळ्या रंगाकडे वळे. झाडाखालची सावली वाढत वाढत मैदानभर पसरली. तिनं कागद फाडला. दुसऱ्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी वहिनी चहा घेऊन आली आणि थबकली.

"अगंबाई, संध्याकाळ किती सुरेख उतरलीय गं!"

"दुपार आहे ती, वहिनी."

वहिनीनं जीभ चावली. ताईनं ब्रश धुतले. कितीतरी वेळ ती नळाखाली हात धरून उभी होती. बाईंना तिनं सांगून टाकलं, कामातून सवड होत नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिनं आभाळवाल्याला विचारलं, "तुम्ही घरी काही रंगवता का हो?"

"मागं मुलीसाठी मोर काढायला बसलो होतो," तो डब्यातून मान वर न करता म्हणाला. "ढगच झाला."

ती हसायला गेली. तेवढ्यात घंटा झाली. तिच्यापुढे बारा काळी घरं ओळीनं लावून ठेवलेली होती. तिनं पांढऱ्याचं झाकण उघडलं.